अंबाडी कुजवायचं कल्चर खान्देशात का मिळत नाही?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी होती, की बंगालमध्ये आता ताग कुजवायला बॅक्टेरिया वापरतात, वाख (दोर-पोत्यांचा धागा) लवकर निघतो आणि क्वालिटी पण सुधारते, तर आपल्या शेतकऱ्यांनी पण जिवाणूंचा वापर करावा. बातमी खोटी नाही, चांगलीच आहे. पण "जिवाणूंचा वापर करावा" एवढं लिहून सोडून दिलं ना तिथेच घोळ होतो साहेब, आणि हे मी ठामपणे सांगू शकतो कारण हाच घोळ मी दोन वर्षांपूर्वी स्वतः घातलाय. त्याची दावी अजून गोठ्यात खुंटीला लटकलेली आहेत, बायको फेकू देत नाही, म्हणते राहू द्या, पुढच्या वेळी शहाणपण सुचलं की बघत जा.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. आमच्याकडे ताग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर हिरवळीचा ताग येतो, जो आपण पेरतो आणि फुलावर आला की नांगरून गाडून टाकतो. तो द्विदल आहे. बंगालचा ताग म्हणजे ज्यूट, ज्याची पोती होतात, ते झाडच वेगळं. आणि आपल्या खान्देशात वाखासाठी जी खरी लावायचे ती अंबाडी, कपाशीच्या किंवा ज्वारीच्या कडेने दोन-चार तास (ओळी). ही अंबाडी नात्याने ज्यूटच्या जवळची, एकाच घराण्यातली, भेंडी आणि कपाशी पण त्याच घरातली. तिचा वाख ज्यूटसारखाच पाण्यात कुजवून काढतात, म्हणून बंगालमध्ये ज्यूटसाठी जे चाललंय ते आपल्या अंबाडीला बऱ्यापैकी लागू पडतं. तागाच्या बातमीखाली गाडायच्या तागाचा फोटो छापला की मात्र आमच्यासारखा माणूस उगाच चक्रावतो.

आता माझी फजिती. आमचं गाव बोरी नदीच्या काठापासून थोडं आत, अमळनेर तालुक्यात. आबा होते तोपर्यंत घरात नायलॉनचा दोर आला नव्हता, दावं कासरा वेसण मोरखी चऱ्हाट सगळं घरच्या वाखाचं, मांडीवर वळायचे. दिवाळीच्या आसपास अंबाडीला फुलं लागली की कापायची, चार-पाच दिवस शेतातच पडू द्यायची म्हणजे पाला झडतो, मग पेंढ्या बांधून नाल्याच्या डोहात टाकायच्या आणि वर दगड. किती दिवस ठेवायचं हे कॅलेंडर बघून नाही ठरायचं. आबा रोज संध्याकाळी जायचे, पेंढीच्या मधली एक काडी ओढून काढायची, बुडख्याकडे अंगठ्याने दाबायची आणि साल सरकते का बघायचं. नुसती सरकून उपयोग नाही, आतल्या पांढऱ्या लाकडावरून ती पायमोजा काढल्यासारखी अख्खी उतरली पाहिजे. आणि वास. पहिले काही दिवस वास साधा शेवाळाचा असतो, मग एक दिवस तो बदलतो, खवट लोण्यासारखा होतो, तेव्हापासून आबा दिवसातून दोनदा जायचे. मी लहान होतो, मला घाई, तर म्हणायचे, "इतली घाई कसानी शे तुले? वाख आपसूक सुटस."

मला घाई नडली ती चाळीस वर्षांनी. दोन वर्षांपूर्वी हौस म्हणून परत अंबाडी लावली, कापली, आणि डोक्यात आलं की व्हॉट्सॲपवर सगळे जिवाणू जिवाणू करतात तर आपण पण वापरू. तालुक्याच्या एका दुकानात गेलो, विचारलं अंबाडी कुजवायला काही कल्चर, म्हणजे जिवाणूंचं विरजण, आहे का. दुकानदार म्हणाला आहे ना भाऊ, हे घ्या, काहीही कुजवतं. तिथेच मला कळायला पाहिजे होतं. "काहीही कुजवतं" हाच तर प्रॉब्लेम होता. ते उकिरड्यावर, पाचटावर, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर टाकायचं कंपोस्टचं कल्चर. मी २०० लिटरच्या ड्रममध्ये दोन किलो गूळ टाकून ते वाढवलं, रोज काठीने ढवळलं, आणि डोहाच्या कोपऱ्यात पेंढ्यांवर ओतून दिलं. वरून दाबायला बांधावर पडलेले केळीचे खांब टाकले आणि फटीत काळी माती थापली, म्हणजे पेंढ्या वर येणार नाहीत. आठव्या दिवशी साल सुटायला लागली होती, पण मी म्हटलं राहू दे अजून, जास्त कुजलं तर जास्त मऊ होईल. पंधराव्या दिवशी काढलं.

साल काय मस्त निघाली साहेब, हात लावला की निघाली. मी खूश, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. धुतला तेव्हा वाखाचा रंग बघून थोडं वाटलं की हा असा काळपट राखाडी का, आबांचा तर पिवळसर चमकदार असायचा. वाळल्यावर दोन बोटात धरून ओढला तर तुटला. जुन्या सुतळीचा भुगा होतो ना तसा, बोटांवर बारीक बारीक कुसळं राहिली. तरी हट्टाने तीन दावी वळली, पोळ्याला बैलाला नवं दावं बांधलं, आणि बैलाने मान झटकली तर दावं हातात. पूजेचं ताट घेऊन उभ्या असलेल्या वहिनी हसायला लागल्या आणि बैल सरळ शेजारच्यांच्या चवळीत.

नंतर मी हे का झालं ते शोधायला लागलो, जे मिळालं ते वाचलं, एका ओळखीच्या ॲग्रीकल्चर कॉलेजच्या पोराकडून समजून घेतलं, आणि मग लक्षात आलं की चूक एक नाही, तीन होत्या, आणि तिन्ही तुमच्या त्या चार ओळींच्या बातमीत सहज टाळता आल्या असत्या.

अंबाडीची किंवा ज्यूटची काडी बघा. मधे लाकूड, त्यावर साल, आणि सालीत वाखाचे धागे. हे धागे एकमेकांना आणि लाकडाला चिकटून असतात ते पेक्टिन नावाच्या डिंकाने. पेक्टिन म्हणजे तेच, ज्याच्यामुळे पेरूची जेली घट्ट होते. कुजवणं म्हणजे एवढंच, की पाण्यातल्या बॅक्टेरियांनी हा डिंक खाऊन टाकायचा आणि धागा मोकळा करायचा. पण धागा स्वतः कशाचा बनलाय? मुख्यतः सेल्युलोजचा, ज्यूटमध्ये साधारण ६० टक्के. म्हणजे डिंक खाणारा बॅक्टेरिया पाहिजे आणि सेल्युलोज खाणारा अजिबात नको. आणि कंपोस्टचं कल्चर कशासाठी बनवलेलं असतं? सेल्युलोज फोडायला! पाचट, काडीकचरा लवकर मोडावा म्हणून. ते त्याच्या जागी एकदम बरोबर आहे, माझं त्याच्याशी काही भांडण नाही, उकिरड्यावर टाकलं असतं तर सोनं केलं असतं त्याने. मी त्याला वाखाच्या ताटावर बसवलं आणि पंधरा दिवस जेवू घातलं.

बंगालमध्ये जे केलं ते नेमकं याच्या उलट. कोलकात्याजवळ बराकपूरला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) ज्यूटची मोठी संशोधन संस्था आहे, क्रायजाफ म्हणतात तिला, तिथल्या शास्त्रज्ञांनी बॅसिलस प्युमिलस या बॅक्टेरियाच्या अशा जाती निवडून काढल्या की ज्या पेक्टिन फोडतात, झायलन (सालीतलाच दुसरा एक घटक) फोडतात, पण सेल्युलोजला हात लावत नाहीत. त्यांची टाल्कमध्ये (शंखजिऱ्याच्या भुकटीत) मिसळून पावडर बनवली, नाव ठेवलं क्रायजाफ सोना. पेंढ्या पाण्यात रचताना प्रत्येक थरावर ही पावडर भुरभुरवायची, बस. जिथे साध्या पद्धतीने १८ ते २१ दिवस लागायचे तिथे १२ ते १५ दिवसात काम होतं आणि वाखाची प्रत एक-दोन पायऱ्यांनी वर जाते. पायरी वर गेली की भाव वर जातो, कारण ज्यूटचा हमीभाव प्रतीवर ठरतो, २०२५-२६ ला तो क्विंटलला ५६५० रुपये धरला होता. अजून एक मला फार आवडलेली गोष्ट, त्याच पाण्यात दुसरी खेप टाकली तर पावडर निम्मीच लागते, कारण बॅक्टेरिया पाण्यात आधीच वाढून बसलेले असतात. म्हणजे विरजणासारखं आहे हे. आपल्या आज्या-पणज्यांना हे माहीत नव्हतं असं नाही बरं का, आबा नेहमी त्याच डोहात पेंढ्या टाकायचे जिथे आदल्या वर्षी टाकल्या होत्या, नवीन डोहाला "कोरं पाणी" म्हणायचे. विरजण लागलेलं पाणी त्यांना ओळखता यायचं, फक्त त्याला बॅसिलस म्हणायचे नाहीत. कोलकात्याच्याच निनफेट नावाच्या संस्थेने पण साथी नावाची पावडर काढलीय, तिचंही काम तेच.

आणि कितीही चांगला बॅक्टेरिया असला तरी दिवस वाढवून चालत नाही. हे मी विसरलो होतो. साल सुटली की काढायचं, मग आदितवार असो की घरात लग्न असो. आधी काढलं तर बुडख्याला साल चिकटून राहते आणि वाख कडक येतो, उशीर केला तर धागा कमजोर. आबांचा अंगठा त्यासाठीच होता.

आता काळपट रंगाचं. हे ऐकून माझ्या रावेर-यावलकडच्या पाहुण्यांना पण मजा वाटली. केळीच्या खांबात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. मातीत आणि पाण्यात लोह असतं. टॅनिन आणि लोह भेटलं की काळं होतं, जुन्या काळी शाई पण अशीच बनायची. बंगालमध्ये पण शेतकरी पेंढ्या दाबायला केळीचे खांब आणि चिखल वापरायचे आणि त्यांचा वाख असाच काळपट यायचा, तिकडे त्याला वेगळं नावच आहे, श्यामला. व्यापारी बघितल्या बघितल्या भाव पाडतो. म्हणून तिकडे आता सांगतात की केळीचा खांब नको, चिखल नको, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यात माती किंवा वाळू भरून तोंड शिवून त्याचं वजन ठेवा, नाहीतर बांबूने दाबा. आता आमच्या खान्देशात जळगाव जिल्ह्यात केळीचे खांब म्हणजे फुकटात मिळणारी पहिली वस्तू, बांधावर ढीग पडलेले, माणूस दुसरं काय टाकणार? हे कोणी सांगितलंच पाहिजे. तुमच्या बातमीत एक ओळ जास्त पुरली असती.

पाण्याचं दुखणं याहून मोठं. मी ते सगळं नाल्याच्या डोहात केलं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारचे जिभाऊ दारात. "हाई काय करी ठेवं भो तू, मन्ही म्हैस पानीले तोंड लावत नही!" त्यांचं खरं होतं. कुजवताना बॅक्टेरिया पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग ऑक्सिजनशिवाय जगणारे क्लोस्ट्रिडियमसारखे दुसरे बॅक्टेरिया येतात, तेव्हाच तो खवट वास सुटतो. डोहातले लहान मासे दोन दिवसात पोटं वर करून तरंगत होते. आबांच्या काळात नाला दिवाळीपर्यंत वाहता असायचा, घाण पुढे निघून जायची, आता आमचा नाला पोळ्यालाच थांबतो. जिभाऊंशी महिनाभर बोलणं बंद होतं, शेवटी संक्रांतीला तिळगूळ घेऊन मीच गेलो.

म्हणून कुजवणं आता वाहत्या-थांबत्या सार्वजनिक पाण्यात नाही, आपल्या स्वतःच्या खड्ड्यात झालं पाहिजे, असं माझं मत. बंगालमध्ये पण नद्या-तळ्यांचा देश असून पाऊस लांबला की ज्यूट कापून पडून राहतं आणि बुडवायला पाणी नसतं, म्हणून तिकडेही शेताच्या कोपऱ्यात प्लास्टिक टाकून टाकी करून त्यात कुजवायचं शिकवतात. आपल्याकडे २०१६ पासून मागेल त्याला शेततळं आलं, कागद टाकलेली तळी ठिकठिकाणी आहेत, पण चांगल्या शेततळ्यात पेंढ्या टाकू नका, अंबाडीच्या बुडख्याने कागद फाटतो आणि मग पाण्याच्या नावाने शिमगा. वेगळा छोटा खड्डा, जुनी ताडपत्री, एवढं पुरतं. त्याहून कमी पाण्याची एक पद्धत आहे, आधी हिरव्या काडीवरूनच मशीनने साल सोलून घ्यायची आणि फक्त सालीच्या पट्ट्या टाकीत कुजवायच्या. लाकूड बुडवायलाच नको, त्यामुळे पाणी पण कमी आणि दिवस पण कमी. आमच्यासारख्या टँकरवाल्या भागाला हीच पद्धत सूट होईल असं मला वाटतं. एकट्या माणसाने ते मशीन घ्यावं एवढी मात्र कोणाची अंबाडी नसते, गटात घ्यावं लागेल.

आणि थंडी. ज्यूट कापतात आषाढ-श्रावणात, पाणी कोमट असतं, आणि कुजवायला ३४ डिग्रीच्या आसपासचं पाणी सगळ्यात चांगलं. आपली अंबाडी निघते दिवाळीनंतर, तेव्हा धुळ्याचा पारा कुठे जातो ते तुम्ही दरवर्षी पहिल्या पानावर छापता. थंड पाण्यात बॅक्टेरिया पण गोधडी घेऊन बसतात. म्हणून बंगालचे १२ दिवस आपल्याकडे जसेच्या तसे धरू नका, अंगठा वापरा. खड्डा उन्हात करा, झाडाखाली नको.

आता मुद्द्याची गोष्ट, ज्यासाठी एवढं लांबण लावलं. मी मागच्या वर्षी ही पावडर शोधायला निघालो. तालुक्यातल्या सहा दुकानात विचारलं, सहाही ठिकाणी मला कंपोस्टचंच काहीतरी काढून दाखवलं. एका ऑफिसमध्ये गेलो तर साहेब म्हणाले अंबाडी हे पीक आमच्या यादीत नाही. यादीत नाही! अहो, तुमच्या डब्यात आज काय भाजी आहे ते विचारणार होतो, पण गप्प बसलो. बंगालकडून कुरिअरने मागवायचा विचार केला तर चार पेंढ्यांसाठी तो खर्च परवडत नाही. ज्यूटवाल्यांच्या मागे सगळं उभं आहे. १९८७ चा कायदा आहे की धान्य-साखर ज्यूटच्या पोत्यात भरायची, हमीभाव आहे, बोर्ड आहे, २०१५ पासून शेतकऱ्यांना बी आणि कुजवायची पावडर पोचवणारी स्कीम आहे. त्यांना मिळतं ते मिळू दे, आपल्या हमीभाव केंद्रावर बारदान संपलं की माप थांबतं तेव्हा त्या ज्यूटची किंमत आम्हाला पण कळते. पण तयार झालेली, टेस्ट झालेली पावडर देशातच आहे आणि आमच्या तीन जिल्ह्यात मिळत नाही, याला काय म्हणायचं?

माझं म्हणणं फार मोठं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, राहुरीचं कृषी विद्यापीठ आहे, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. ट्रायकोडर्मा, रायझोबियम ही शेतीच्या उपयोगाच्या बुरशी-जिवाणूंची कल्चरं ते लोक देतातच की शेतकऱ्यांना. त्याच टेबलावर दिवाळीच्या आधी या पावडरीच्या चार पुड्या ठेवा. पुडीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा की ही वाखासाठी, उकिरड्यासाठी नाही. आणि कंपोस्टच्या कल्चरच्या बाटलीवर पण छापा की वाखाच्या पिकाला वापरू नये. आमच्या थंडीत किती दिवस लागतात, आमच्या बोअरच्या खारट पाण्यात पावडर चालते का, हे एखाद्या केंद्राने दोन खड्डे करून बघितलं तर त्याचा उपयोग दुकानदाराच्या भाषणापेक्षा जास्त होईल. खड्डा माझ्या शेतात करा, अंबाडी माझी, मजुरी पण माझी.

लोक म्हणतील आता अंबाडी लावतंय कोण, बाजारात नायलॉनचा दोर ढिगाने मिळतो. मिळतो ना, मी पण घेतो. पण नायलॉनच्या वेसणीने बैलाचं नाक कसं कापतं ते ज्याच्या घरी बैल आहे त्याला विचारा, पावसाळ्यात त्या जखमेत अळ्या पडतात. आणि अंबाडी काही नुसत्या दोरासाठी नसते. श्रावणात तिचा पाला खुडून भाजी, बियाचं तेल, वाख काढल्यावर उरलेल्या काड्या चूल पेटवायला, एकेक काडी फस्सकन पेटते. चार तास अंबाडीचे कडेला लावले तर कपाशीचं काही जात नाही.

यंदा पण लावलीय. सध्या डोक्याच्या वर गेलीय, भाजी खाऊन घरातली पोरं कंटाळली. विहिरीजवळ उन्हाच्या बाजूला खड्डा खोदून ठेवलाय, सिमेंटच्या अकरा गोण्यात वाळू भरून तोंडं शिवून ठेवलीत, केळीचा एक खांब पण जवळ फिरकू देणार नाही. जिभाऊंनी खड्डा बघितला, म्हणाले आता म्हशीचं टेन्शन नाही. फक्त पावडर नाहीये. दिवाळीपर्यंत कोणी दिली तर ठीक, नाहीतर आबांच्या जुन्या डोहातून दोन घागरी पाणी आणून खड्ड्यात विरजण म्हणून टाकणार आहे आणि रोज संध्याकाळी काडी दाबून बघणार आहे.

पत्र लांबलं, काटछाट करायची तर करा, पण ते केळीच्या खांबाचं आणि कंपोस्टच्या कल्चरचं तेवढं कापू नका.

आपला नेहमीचा वाचक,
बोरीकाठचा एक शेतकरी, ता. अमळनेर, जि. जळगाव